दाखला मिळाला, तपासणी राहिली

सप्टेंबर २०२२ मध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये कोल्हापूरचा तिशीतला एक धावपटू शर्यतीतच कोसळला आणि गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या गरवारे स्टेडियमवर पस्तिशीतला एक फलंदाज छातीत दुखतंय म्हणून पंचांना सांगून मैदानाबाहेर निघाला आणि सीमारेषेपर्यंत पोहोचण्याआधीच पडला. अशा बातम्या आल्या की कोल्हापुरात दोन-चार दिवस चर्चा होते. तालमीच्या कट्ट्यावर, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर, रंकाळ्यावर सकाळी पळणाऱ्यांत प्रश्न एकच असतो: एवढा फिट माणूस जातोच कसा? मग कुणी कोविडच्या लशीला दोष देतो, कुणी जिममधल्या पावडरीला, कुणी नशिबाला. आठवड्याभरात विषय संपतो. खेळाडूला मैदानात सोडण्याआधी त्याचे हृदय तपासायचे का, कसे आणि तपासून पुढे काय करायचे, हा प्रश्न आहे तिथेच राहतो. जगात या प्रश्नावर पन्नास वर्षे वाद चालू आहे. आपल्याकडे तो वाद अजून नीट सुरूही झालेला नाही.

आधी वयाचा हिशेब. खेळताना कोसळलेला माणूस पस्तिशीच्या पुढचा असेल तर कारण बहुतेक वेळा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांतल्या अडथळ्याचे निघते. पस्तिशीच्या आतल्या मुलाचे कारण सहसा जन्मापासून अंगात असते आणि ते सहसा घराण्यातून आलेले असते. आपल्याकडे ही पस्तिशीची रेघ जरा अलीकडेच ओढावी लागते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या बहुराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियात पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे मधले वय ५३ निघाले. इतर देशांत ते पाच-सहा वर्षांनी जास्त होते. म्हणजे रविवारी पन्हाळ्याचा घाट चढणारा सदतीस वर्षांचा बँक कर्मचारी आणि गंगावेश तालमीत जोर मारणारा सतरा वर्षांचा मुलगा यांच्या तपासण्या वेगळ्या. या लेखाचा विषय मुख्यतः तो सतरा वर्षांचा मुलगा आहे.

त्याच्या हृदयात काय दडलेले असू शकते? सर्वांत ओळखीचा आजार म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, हृदयाचा स्नायू कारणाशिवाय जाड होणे. तो साधारण ५०० माणसांत एकाला असतो, म्हणजे दुर्मिळ म्हणावा असा मुळीच नाही. उजव्या कप्प्याच्या स्नायूची जागा चरबी आणि चट्टे घेतात असा दुसरा एक आजार आहे. लाँग क्यूटी सिंड्रोममध्ये हृदयाची रचना अगदी ठीक असते, पण प्रत्येक ठोक्यानंतर विजेची जुळणी पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो. असा माणूस साधारण दोन हजारांत एक. डब्ल्यूपीडब्ल्यूमध्ये हृदयात विजेची एक जादा वाट असते. काहींची हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनीच महाधमनीच्या चुकीच्या बाजूने निघालेली असते. आणि यातले काहीही नसताना, ताप-खोकल्याच्या साध्या विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि त्याच आठवड्यात पोरगा मैदानात उतरतो. अंगात कणकण असताना 'घाम काढला की उतरतो' म्हणून तालमीच्या हौद्यात उतरवण्याची पद्धत आहे, ती याच कारणाने घातक आहे.

या मुलांना आधी ओळखता येते का, या प्रश्नावर इटलीने सर्वांत आधी ठाम उत्तर दिले. तिथे १९७१ साली खेळाडूंच्या वैद्यकीय संरक्षणाचा कायदा झाला. १९७७ मध्ये रेनातो कुरी हा पेरुजाचा फुटबॉलपटू युव्हेंटसविरुद्धच्या सामन्यात मैदानावरच गेला. आज पेरुजाच्या स्टेडियमला त्याचेच नाव आहे. १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी प्रश्नावली, शारीरिक तपासणी आणि ईसीजी सक्तीचे झाले. व्हेनेतो प्रांतातल्या पाडुआच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये आकडे मांडले: १९७९-८० मध्ये दर लाख खेळाडूंमागे वर्षाला ३.६ मृत्यू होत होते, ते २००३-०४ पर्यंत ०.४ वर आले. घट जवळपास ९० टक्के. इटलीचा हाच अनुभव हातात घेऊन युरोपातल्या हृदयतज्ज्ञांनी ईसीजीची शिफारस केली आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही त्याच दिशेने पावले टाकली.

इस्रायलनेही तसाच कायदा केला. त्याची अंमलबजावणी १९९७ पासून झाली. २०११ मध्ये तिथल्या संशोधकांनी हिशेब मांडला, तर कायद्याआधीचा दर लाखामागे २.५४ आणि नंतरचा २.६६. काडीचा फरक नाही. मात्र हे मृत्यू त्यांनी वर्तमानपत्रांच्या बातम्यांतून मोजले होते आणि खेळाडूंची एकूण संख्या अंदाजाने धरली होती, त्यामुळे इस्रायलच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. इटलीच्या आकड्यात दुसरी गोम आहे. तपासणीआधीचा काळ फक्त दोन-तीन वर्षांचा धरला आहे, आणि योगायोगाने ती वर्षे वाईट असतील तर पुढची घट फुगून दिसते. शिवाय इटली ज्या तळाला पोहोचली, साधारण त्याच पातळीवर अमेरिकेतले मिनेसोटा राज्य सर्वांना ईसीजी न काढताच होते.

अमेरिकेने तर सर्वांच्या ईसीजीला कधी होकार दिलाच नाही. तिथल्या हृदयरोग संघटनेची चौदा मुद्द्यांची यादी आहे. खेळताना छातीत दुखले का, शुद्ध हरपली का, घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेले का, असे प्रश्न. मग रक्तदाब, स्टेथोस्कोप आणि जांघेतली नाडी. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे कुणी बघत नाही. हाताचा रक्तदाब चढलेला आणि जांघेतली नाडी क्षीण, असे आढळले तर महाधमनी जन्मतःच कुठेतरी आवळलेली असू शकते. तपासायला पैसाही लागत नाही. पण २०१५ मध्ये ४७ हजारांवर खेळाडूंच्या एकत्रित आकड्यांवरून निघालेला निष्कर्ष या यादीची बाजू फारशी घेत नाही. धोक्याचा आजार असलेल्या शंभर खेळाडूंपैकी केवळ प्रश्नांनी सुमारे वीस सापडतात, स्टेथोस्कोपने नऊ, ईसीजीने चौऱ्याण्णव. प्रश्न विचारणे फुकट असते म्हणून ते पुरेसे ठरत नाही.

मला या साऱ्या वादात सर्वांत बोलका वाटतो तो इंग्लंडचा अनुभव. तिथल्या फुटबॉल संघटनेने १९९६ ते २०१६ या वीस वर्षांत ११,१६८ तरुण फुटबॉलपटूंची तपासणी केली. वय साधारण सोळा, आणि ईसीजीबरोबर प्रत्येकाचा इकोसुद्धा, म्हणजे इटलीपेक्षाही एक पायरी पुढे. ४२ जणांत जीवघेणा ठरू शकणारा आजार सापडला. बहुतेकांवर उपचार झाले आणि त्यांतले बरेच पुन्हा खेळले. तरीही पुढच्या वर्षांत आठ खेळाडू हृदयविकाराने गेले आणि त्या आठांपैकी सहा जणांची तपासणी पूर्णपणे निर्दोष निघाली होती. तपासणी आणि मृत्यू यांत सरासरी ६.८ वर्षांचे अंतर होते. याचा सरळ अर्थ असा की सोळाव्या वर्षी हृदय ठीक असले तरी विसाव्या वर्षी ते तसेच असेल याची खात्री नाही. स्नायू जाड होण्याचा आजार अनेकदा वयात येताना आणि त्यानंतरच उघडा पडतो. एकदा तपासून आयुष्यभराचा दाखला देणारी पद्धत त्यामुळे बाद ठरते. तपासणीच बाद ठरते असा अर्थ काहींनी काढला, तो मला पटत नाही. ४२ मुलांच्या आईवडिलांना विचारून पाहावे.

आता कोल्हापूरकडे येऊ, कारण इथे प्रश्नाला एक खास पीळ आहे. बाहेर चर्चा होते ती फुटबॉलपटू, बास्केटबॉलपटू, सायकलपटूंच्या हृदयाची. आपला खेळाडू पैलवान आहे. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभे केले त्याच्याही आधीपासून या शहरात मुले मातीत वाढली. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींत आज सांगली-साताऱ्यापासून सोलापूर-लातूरपर्यंतची पोरे राहतात. आणि पेठांचा फुटबॉल म्हणावा तर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही संघांची नावेही तालमींचीच. हृदयाची तपासणी कोल्हापुरात रुजायची तर ती तालमीच्या दारातूनच आत यावी लागेल.

व्यायामाने हृदय बदलते हे स्वीडनच्या हेनशेन या डॉक्टरने १८९९ मध्येच सांगितले. बर्फावर स्की करणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी टकटक करून त्याने हृदयाचा आकार मोजला आणि ते मोठे असल्याचे नोंदवले. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेत इकोच्या साहाय्याने धावपटू, जलतरणपटू आणि कुस्तीगीर यांची तुलना झाली. धावणाऱ्यांच्या आणि पोहणाऱ्यांच्या हृदयाचे कप्पे रुंदावलेले होते. कुस्तीगीरांच्या हृदयाच्या भिंती जाड झाल्या होत्या, कप्पे फारसे वाढलेले नव्हते. डाव-प्रतिडाव करताना श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणात प्रचंड चढतो आणि त्या दाबाविरुद्ध ढकलून ढकलून स्नायू दणकट होतो. इतके साधे विभाजन आता तज्ज्ञ मानत नाहीत, आणि इटलीच्या नामवंत खेळाडूंच्या पाहणीत १३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड भिंत दोन टक्क्यांहूनही कमी जणांत निघाली. तरी गोंधळ व्हायचा तो होतोच. १३ ते १५ मिलिमीटरच्या पट्ट्यात पैलवानाचे कमावलेले हृदय आणि आजारी हृदय शेजारी शेजारी उभी असतात. काही महिने मेहनत बंद ठेवून पुन्हा इको काढला तर कमावलेली जाडी उतरते, आजाराची उतरत नाही. आता हंगामाच्या तोंडावर पैलवानाला तीन महिने लंगोट खुंटीला टांगायला सांगून बघा.

ईसीजीचेही असेच आहे. कसलेल्या मुलाचे ठोके मिनिटाला पंचेचाळीस असतात, आलेखातल्या लाटा उंच असतात, काही रेघा वर उचललेल्या दिसतात. गल्लीतल्या लॅबमधले यंत्र कागदाच्या कोपऱ्यात स्वतःच 'अॅबनॉर्मल' छापून मोकळे होते. मग घरात रडारड, पोराला रिक्षातून थेट मोठ्या दवाखान्यात. हा घोळ कमी व्हावा म्हणून २०१२ मध्ये सिएटलमध्ये तज्ज्ञ बसले, २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निकष आले: खेळाडूत कोणते बदल स्वाभाविक मानायचे, कोणते धोक्याचे. या निकषांनी विनाकारण घाबरवल्या जाणाऱ्या मुलांचे प्रमाण खूप खाली आणले. पण ते बेतले आहेत मुख्यतः गोऱ्या आणि आफ्रिकी वंशाच्या खेळाडूंवर. दूध-बदाम-थंडाईवर पोसलेल्या, रोज हजारभर जोर-बैठका मारणाऱ्या आपल्या पोराचा स्वाभाविक ईसीजी कसा असतो, याची भक्कम मोजदाद भारतात झालेली नाही. कोल्हापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी ती करायला घेतली तर जगाने वाचावे असे काम होईल. मुले इथेच आहेत, पायी जाण्याच्या अंतरावर.

भारतीय रक्ताच्या काही गोष्टीही वेगळ्या आहेत. हृदयाच्या स्नायूतले एक प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला २५ अक्षरांचा एक तुकडा भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत गळालेला असतो, आणि त्याचा हृदयाच्या दुबळेपणाशी संबंध आहे, असे २००९ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मधल्या निबंधाने दाखवले. बहुतेक वाहक आयुष्यभर ठणठणीत राहतात, त्यामुळे घाबरायचे कारण नाही. पण युरोपातला ठोकताळा जसाच्या तसा इथे लावू नये एवढे कळते. दुसरे, संधिवाताच्या तापाने झडपा खराब होण्याचा आजार श्रीमंत देशांतून जवळपास गेला, आपल्याकडून गेला नाही. तिथे फक्त नऊ टक्के पकडणारा स्टेथोस्कोप इथे त्याहून अधिक कामाचा ठरावा, असे मला वाटते. आणि तिसरे, मामाच्या मुलीशी लग्नाची आपल्याकडची चाल. लाँग क्यूटीच्या एका प्रकारात दोन्ही पालकांकडून दोष आला की मूल जन्मतः बहिरे असते आणि हृदयही धोक्यात असते. मूकबधिर शाळेतल्या मुलांना स्पर्धेत उतरवण्याआधी प्रत्येकाचा ईसीजी काढलाच पाहिजे. यात वादाला जागाच नाही.

प्रश्नावलीचा मुद्दा मी वर जरा कडक शब्दांत उरकला, पण तिला वीसच टक्के यश का येते याचे एक कारण ती विचारण्याच्या भाषेत असावे. 'कुटुंबात अकस्मात हृदयमृत्यूचा इतिहास आहे का' असे छापील विचारले तर बाप मान हलवून नाही म्हणतो. आमच्या घराण्यांत माणसे 'हृदयमृत्यू'ने जात नाहीत. चुलता झोपेत गेला. आत्याचा मुलगा पट्टीचा पोहणारा, तरी पंचगंगेत बुडाला. आजोबा बैलगाडीवर बसल्या बसल्या गेले. पोहता येणारा माणूस विनाकारण बुडणे ही लाँग क्यूटीची नामांकित खूण आहे, कारण त्याच्या एका प्रकारात पोहण्यानेच ठोके बिघडतात. पहाटेच्या गजराने दचकून शुद्ध हरपणे ही दुसऱ्या प्रकाराची. 'फिट येते' म्हणून वर्षानुवर्षे मिरगीच्या गोळ्या खाणाऱ्यांत असे रुग्ण निघालेले आहेत. मुलालाही चक्कर येते का असे विचारू नये. पैलवान चक्कर कबूल करत नाही. जोर मारताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, कधी खाली बसावे लागले का, पळताना बरोबरीच्या पोरांच्या मागे पडायला लागलास का, असे विचारावे. आणि हे विचारायला वस्तादाइतका योग्य माणूस नाही. दहाव्या-बाराव्या वर्षी बाप मुलाला तालमीत आणून वस्तादाच्या हवाली करतो, तेव्हा खुराकाचे बोलणे होते, शाळेचे होते. घराण्यात कोण कसे गेले, हेही त्याच बैठकीत विचारता येईल. नंतर बाप गावी असतो आणि मुलाला काही ठाऊक नसते.

सध्या होते काय? स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात दाखला हवा असतो. डॉक्टर वजन बघतो, रक्तदाब बघतो, सही-शिक्का देतो. कुणाला नावे ठेवायची नाहीत, कारण त्या दाखल्यात काय तपासलेले असावे हेच कुणी नीट ठरवून दिलेले नाही. शिवाय ज्यांना दाखलाही लागत नाही असा मोठा वर्ग शहराबाहेर पहाटे रस्त्यावर पळत असतो: पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी पोरे-पोरी. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक उमेदवार गेले. उकाडा, उपाशीपोट, अपुरी तयारी आणि उत्तेजक औषधांचा संशय, असे बरेच काही त्यात होते. या मुलांना कुणी खेळाडू म्हणत नाही, म्हणून खेळाडूंच्या कुठल्याच चर्चेत ती येत नाहीत. माझ्या मते कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांत जास्त धोका पत्करणारा गट हाच असावा.

तपासणी ज्यांना पकडू शकत नाही अशी कारणेही आहेत, आणि ती आपल्याच हातातली आहेत. मॅटवरच्या कुस्तीत वजनगट आले आणि वजन तोडणे आले. १९९७ च्या हिवाळ्यात अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर महिन्याभरात गेले. तिघेही रबरी कपडे घालून, गरम खोलीत घाम काढून वजन उतरवत होते. त्यानंतर तिथले नियमच बदलले. पाणी आणि क्षार गेलेले शरीर निरोगी हृदयालाही दगा देते. दुसरे, सुई. भूल देताना रुग्णाचा रक्तदाब पडला तर वापरायचे मेफेंटरमाइनचे इंजेक्शन पश्चिम महाराष्ट्रातल्या जिममध्ये विकले जाते आणि पोलिसांच्या कारवाईच्या बातम्या अधूनमधून येतात. ते घेऊन बेंचप्रेस मारणाऱ्याचा ईसीजी महिन्यापूर्वी चांगला होता, याला काही अर्थ उरत नाही. आणि लशीचे म्हणाल, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभरातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयाच्या अकस्मात मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये मांडला. लशीने धोका वाढल्याचे दिसले नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत घराण्यातला अकस्मात मृत्यू, कोविडसाठी रुग्णालयात राहावे लागणे, बेसुमार दारू आणि मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत केलेली झेपेबाहेरची मेहनत यांची नावे होती.

पैशाचा हिशेब मांडून पाहू. समजा शहरातल्या हजार खेळाडूंचा ईसीजी काढला. इंग्लंडचे प्रमाण धरले तर त्यांत तीन-चार मुले खरोखर धोक्यात असतील. वाचणारा जाणकार असेल तर आणखी तीस-चाळीस जण पुढच्या तपासणीसाठी निघतील. जाणकार नसेल तर दीड-दोनशे. ईसीजीला बाजारभावाने दोन-तीनशे रुपये आणि इकोला दीड-दोन हजार धरले, तर सगळे मिळून तीन-चार लाखांत भागते. मोठ्या मैदानात पहिल्या नंबरच्या एकाच कुस्तीचे इनाम कधी कधी एवढे असते. पैसा ही अडचण नाही. अडचण वाचणाऱ्याची आहे, आणि त्याहून मोठी अडचण सापडलेल्या मुलाचे काय करायचे याची.

कारण पैलवानकी हा इथे छंद नसतो. बापाने जमीन गहाण टाकून खुराक पुरवलेला असतो. खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून नोकरी लागेल, ही आशा असते. अशा मुलाला 'तुझे हृदय जाड आहे, कुस्ती बंद' असे एका वाक्यात सांगणे म्हणजे घर बुडवणे. आणि असे सांगतील या भीतीने मुले तपासणीच टाळतील. पूर्वी डॉक्टर सरसकट बंदी घालत. आता पाश्चात्त्य तज्ज्ञही मऊ झाले आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेसह काही देशांतल्या सोळाशेहून अधिक रुग्णांच्या पाहणीत, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी असूनही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दमसासाचा व्यायाम करणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला नाही. म्हणून डॉक्टर, खेळाडू आणि घरचे यांनी बसून निर्णय घ्यावा, अशी भाषा आली आहे. मला ती अर्धीच पटते. बोस्टनमधल्या विद्यार्थ्याच्या हातात निर्णय देणे वेगळे आणि कर्ज काढून आलेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात देणे वेगळे. तो 'खेळतो' असेच म्हणणार. अशा मुलासाठी दुसरी वाट दाखवणारी व्यवस्था आधी हवी. नेमबाजीत या जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिस ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता स्वप्निल कुसाळे दिले आहेत. हृदयावर कमी ताण देणाऱ्या खेळांची शाळा इथे नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही.

नियम किती वेगळे असू शकतात हे डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियान एरिक्सन याच्या बाबतीत दिसले. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमधल्या सामन्यात तो पडला, मैदानातच छाती दाबली गेली, विजेचा धक्का दिला गेला, तो वाचला. छातीत यंत्र बसवल्यावर इटलीच्या लीगने त्याला खेळू दिले नाही. इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डने घेतले. आणि इटलीची कडक तपासणीही अभेद्य नाही. फिओरेंतिनाचा कर्णधार दाविदे आस्तोरी मार्च २०१८ मध्ये सामन्याआधी हॉटेलच्या खोलीत झोपेत गेला. पुढे दाखला देणाऱ्या डॉक्टरवर खटला चालला आणि शिक्षाही झाली. एरिक्सनही इटलीतल्या क्लबचाच खेळाडू होता आणि नियमित तपासला जात होता. त्याला वाचवले ते मैदानावरच्या माणसांनी.

आपल्याकडची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पोचा क्रिस्तियानो ज्युनियर मोहन बागानविरुद्ध दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडकून पडला आणि उठला नाही. त्याच शहरात २०१२ मध्ये स्थानिक लीगमधला एक खेळाडू मैदानात कोसळला. रुग्णवाहिका नव्हती, रिक्षातून न्यावे लागले. तोही गेला. ठोके बंद पडल्यावर विजेचा धक्का मिळायला एक मिनिट उशीर म्हणजे जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत, पण जत्रेच्या गर्दीतून गाडी हौद्यापर्यंत यायला जो वेळ लागतो तो या हिशेबात बसत नाही. धक्का देणारे यंत्र, एईडी, जागेवरच हवे. ते बोलून सांगते, ठोके स्वतः तपासते, गरज नसेल तर धक्का देत नाही. लाख-दीड लाखाच्या आसपास मिळते.

यंत्र येईपर्यंत हात आहेत. पडलेला माणूस हाक मारून उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढे दिसले की छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचे. तोंडाने श्वास द्यायची गरज नाही. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसासाठी केवळ छातीदाबाचीच पद्धत २०१७ मध्ये सांगितली आहे. पण मैदानात होते काय? आचके दिसले की मिरगी समजतात, कांदा हुंगवतात, चप्पल नाकाला लावतात, तोंडात पाणी ओततात. अधूनमधून येणारी घरघर पाहून 'श्वास चालू आहे' म्हणतात. पहिली चार मिनिटे अशीच जातात. रोज शेकडो सपाट्या मारणाऱ्या पोरांइतके दमदार छातीदाब देणारे हात दुसरे कुठले असतील? एका रविवारी शिकवून होणारे हे काम आहे, आणि माझ्या क्रमात ते पहिले आहे. एईडी दुसरे, वस्तादांचे प्रश्न तिसरे, ईसीजी चौथा. ईसीजी सर्वांत जास्त मुले पकडतो हे मान्य करूनही त्याला चौथा ठेवतो, कारण वाचणारा माणूस नसताना काढलेला ईसीजी मुले वाचवण्याऐवजी मुले घाबरवतो. वाचणारे तयार झाले की चौदाव्या-पंधराव्या वर्षी पहिला, मग विशीपर्यंत दर दोन वर्षांनी एक.

हे सगळे नव्याने उभारावे लागेल असेही नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासत सरकारी आणि अनुदानित शाळांत फिरतात. जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताने बिघडलेल्या झडपा त्यांच्या यादीत आहेत आणि सापडलेल्या मुलाची पुढची शस्त्रक्रियाही मोफत होते. नववीपासून खेळणाऱ्या मुलांसाठी त्यात एक ईसीजी जोडायचा आणि त्याचा फोटो कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयातल्या किंवा शहरातल्या एखाद्या तयार हृदयतज्ज्ञाकडे पाठवायचा. जून ते दिवाळी हा काळ त्यासाठी चांगला. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, नवी मुले तालमीत दाखल झालेली असतात, पावसामुळे मैदाने थंड असतात आणि कुणाला विश्रांती सांगायची वेळ आली तरी हंगाम बुडत नाही. शाळा सोडून पूर्णवेळ तालमीत राहणारा सतरा वर्षांचा मुलगा मात्र पथकाच्या यादीत सहसा नसतो. पथकाला शाळेच्या पत्त्याबरोबर तालमीचाही पत्ता द्यावा लागेल.